दिला, ढिला, सैल

ईरा आणि निशाद,

हे मी देवनागरीत लिहिते आहे, त्यामुळे तुम्हाला वाचायला वेळ लागेल. आईकडून वाचून घ्या, नाहीतर तुमच्या फोनला सांगा. तो वाचून दाखवतो. त्याचा आवाज रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा आहे, पण उच्चार बरे आहेत. मी तपासून पाहिले आहेत.

आताच का लिहिते, ते आधी सांगते. मध्यंतरी ईराने मला कॅनडाहून निरोप पाठवला: "Aaji, amhi navin gadi ghetli." मी खूश झाले. तुमच्या बाबांची जुनी गाडी थंडीत सुरू होत नाही हे मी ऐकून होते. मी खालच्या वॉचमनला पेढे दिले, शेजारच्या शेखवहिनींना दिले, आणि तुम्हाला विचारलं, रंग कोणता? उत्तर आलं, "Pandhra. Khup mau ahe." मऊ गाडी म्हणजे काय, ते मला कळेना. आतल्या सीट मऊ असतील असं धरून मी गप्प बसले. मग फोटो आला. तुम्ही दोघं एका पांढऱ्या गादीवर उड्या मारत होता.

शेखवहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "गादीचे पेढे पहिल्यांदाच खाल्ले हो. उशी घेतील तेव्हा पण सांगा."

गाडी आणि गादी. देवनागरीत एका अक्षराचा फरक, इंग्रजी अक्षरांत तोही उरत नाही. मी त्या रात्री फोनवर तुमच्या आईला म्हटलं, अशाच एका अक्षरापायी मी एकदा कारखान्याचं आवार पळत ओलांडलं होतं. तेव्हा मागून निशादचा आवाज आला, "आजी पळायची? आजी कंपनीत करायची काय?" आणि तुमची आई म्हणाली, "अरे, ती इंग्लिशमधून मराठीत काहीतरी लिहायची."

काहीतरी. माझ्या सगळ्या नोकरीचं तुमच्या आईने एका शब्दात भाषांतर केलं, आणि तेही चुकीचं. आमच्या रहाटणीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी मागितल्याच आहेत. म्हणून हा लेख तुम्हा दोघांना लिहिते. बाकीच्यांनी खुशाल वाचावा.

मी पुण्याच्या लष्कर भागातल्या इंग्रजी शाळेत शिकले. लग्नानंतर इकडे आले आणि पिंपरीतल्या एका कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहारासाठी लागले. ही कंपनी मोटारींचे पत्र्याचे सुटे भाग करायची. पुढे परदेशी यंत्रं आली. प्रत्येक यंत्राबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं, आणि ज्यांनी ती यंत्रं चालवायची त्यांतल्या बहुतेकांना ते पुस्तक वाचता येत नव्हतं. साहेबांनी पहिलं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. "तुम्हाला इंग्लिश येतं. कामापुरतं मराठीत करून द्या." तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी तेच केलं. यंत्राशेजारी लावायच्या पाट्या लिहिल्या. दारावर 'सूचना विभाग' असं लिहिलेलं होतं. विभागात मी, एक टेबल आणि पुढे एक संगणक.

काम सोपं वाटतं ना? माझी पहिली पाटी अशी होती: 'यंत्राचे आवरण दूर करण्यापूर्वी मुख्य विद्युतपुरवठा खंडित करावा.' व्याकरण शुद्ध, एकही इंग्रजी शब्द नाही. मी ती लावून घेतली आणि बाजूला उभी राहिले. ऑपरेटर आला, त्याने वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता त्याचा हात झाकणाकडे गेला. वाक्य संपून विजेचा पत्ता लागेपर्यंत झाकण निम्मं उघडलं होतं. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकले. काम करणारा माणूस पाटी आधी वाचून मग काम करत नाही. तो वाचतानाच काम सुरू करतो. दुसऱ्या दिवशी मी पाटी बदलली: 'मेन स्विच बंद करा. मग झाकण काढा.' पुढच्या माणसाचा हात स्विचकडे गेला.

तीच माझी परीक्षा ठरली. पाटी लावायची, बाजूला उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. वाचणाऱ्याने वळून माझ्याकडे पाहिलं, की पाटी नापास.

तळेगावचे इस्माईलभाई आमच्याकडे फिटर होते, म्हणजे यंत्रांची जोडणी-दुरुस्ती करणारे. मी अशी उभी दिसले की विचारायचे, "मॅडम, परीक्षा आमची की पाटीची?"

"पाटीची."

"मग मार्क आम्हाला द्या. पास तर आम्ही होतोय."

याच इस्माईलभाईंमुळे माझी सगळ्यात गाजलेली पाटी तयार झाली. दुरुस्तीच्या वेळी बंद यंत्रावर 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवायची जुनी पद्धत होती. आता तुम्हीच सांगा, बंद यंत्रावर 'चालू' हा शब्द कशाला हवा? इस्माईलभाई एका यंत्रात कमरेपर्यंत शिरलेले असताना दुसऱ्या एकाने पाटी पाहिली, चालू असायला हवं ते बंद कसं, असं म्हणून स्विचकडे हात नेला. आतून इस्माईलभाईंनी अशी काही शिवी घातली की तो हात जागीच राहिला. मी ती पाटी रद्द केली आणि नवी लिहिली: 'आत माणूस आहे.'

"नाव पण टाका ना मॅडम," इस्माईलभाई म्हणाले. "आत इस्माईल आहे. जरा जपून वागतील."

"नाव टाकलं तर कोणीतरी मुद्दाम चालू करेल."

हे त्यांना इतकं आवडलं की पुढे कित्येक वर्षं ते स्वतःच सगळ्यांना सांगत फिरले.

इंटरनेट आलं तेव्हा ते आधी माझ्या टेबलावर आलं, कारण पुन्हा तेच, तुम्हाला इंग्लिश येतं. त्यामुळे सूचना विभागात लोक नाही नाही त्या अडचणी घेऊन येऊ लागले. स्टोअरमधल्या एका गृहस्थांनी पासवर्ड म्हणून बायकोचं नाव ठेवलं होतं. काही दिवसांनी संगणकाने पासवर्ड बदलायला सांगितला. ते गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे आले. "मॅडम, कंपनी बायको बदलायला सांगतेय."

"मुलीचं नाव ठेवा."

"ते मागच्या वेळीच झालं."

शेवटी त्यांनी सासऱ्यांचं नाव ठेवलं. ते मात्र त्यांना कधीच लक्षात राहिलं नाही.

मग फोनवर भाषांतर होऊ लागलं. एक नवा, उत्साही अधिकारी आला होता. त्याने मला विचारण्याऐवजी फोनला विचारलं आणि पाट्या छापून घेतल्या. उंचावरून जड माल नेणारी क्रेन असते, तिच्याखाली उभं राहू नका असं सांगायचं होतं. इंग्रजीत त्याच नावाचा एक पक्षीही आहे. पाटी लागली: 'करकोच्याखाली उभे राहू नये.' दोन दिवस लोक छताकडे बघत चालत होते. तो अधिकारी पाटी काढायला आला तर इस्माईलभाई म्हणाले, "राहू द्या साहेब. लोक निदान वर तरी बघायला लागलेत." खरंच, क्रेनखालून जाताना वर पाहणं हेच तर हवं होतं. हे मला मनातल्या मनात मान्य करावं लागलं.

मला स्वतःलाही इंटरनेटची काही कोडी अजून सुटलेली नाहीत. विजेचं बिल भरायला बसलं की संगणक मला विचारतो, तुम्ही यंत्र आहात की माणूस? मग चौकोनी चित्रं दाखवतो आणि ज्यांत सिग्नल आहे ती निवडा म्हणतो. सिग्नलचा खांब सिग्नलमध्ये धरायचा की नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही. ही पाटी माझ्या परीक्षेत पहिल्याच दिवशी नापास झाली असती.

पण एक कोडं मला सुटलं होतं, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात गेली. इस्माईलभाईही तिकडेच आले होते. तोवर सगळ्यांच्या हातात फोन आले होते आणि आमच्या शॉपचा, म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालतं त्या विभागाचा, एक ग्रुप झाला होता. पहिल्या शिफ्टचे लोक जाताना त्यावर निरोप टाकायचे आणि दुसऱ्या शिफ्टचे लोक येताना तो वाचायचे. सगळी मराठी इंग्रजी अक्षरांत. मी पुष्कळ सांगून पाहिलं की देवनागरीत लिहा. मला उत्तर मिळायचं, "मॅडम, इंग्लिशमध्ये पटपट होतं." इंग्लिश नव्हतंच ते, पण जाऊ द्या.

मी तो ग्रुप रोज वाचायची. कामासाठीही, आणि मला मजा यायची म्हणूनही. लोक म्हणतात, फोन आले आणि हस्ताक्षर गेलं. माझं मत वेगळं आहे. हस्ताक्षर गेलेलं नाही, ते बटणांवर आलं आहे. दुसऱ्या शिफ्टचे सुपरवायझर विलास गायकवाड होते, इथलेच, रहाटणीचे. ते सगळं एका दमात लिहायचे, पूर्णविराम कधी नाही. एक जण प्रत्येक निरोपापुढे जोडलेले हात टाकायचा, मशीन बंद पडली तरी नमस्कार. आणि पहिल्या शिफ्टला दशरथ कदम होते, मराठवाड्यातून आलेले, कामाला अतिशय चोख. त्यांचं हस्ताक्षर मी नाव न वाचता ओळखायची. ते इंग्रजी एच हे अक्षर कधीच लिहायचे नाहीत. घरी हे 'gari', भाऊ हे 'bau'. कुणाचा वाढदिवस असला की 'kup kup subeca', म्हणजे खूप खूप शुभेच्छा. पहिल्यांदा ते वाचून मी कितीतरी वेळ विचार करत बसले होते. त्यांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, एक अक्षर वाचतंय की. मानसाला कळल्याशी मतलब."

आता प्रेस म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. तुम्ही पोळी लाटून त्यावर वाटी दाबता आणि गोल पुऱ्या कापता ना? प्रेस तेच करतो. पोळीच्या जागी लोखंडी पत्रा आणि वाटीच्या जागी पोलादाचा साचा. साच्याचा अर्धा भाग खाली असतो आणि अर्धा वर बोल्टांनी आवळून बांधलेला असतो. पत्रा हाताने आत ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, आणि मग दोन्ही हातांनी दोन वेगवेगळी बटणं दाबायची. दोन बटणं अशासाठी, की हात बाहेर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये. पण बोल्ट नीट आवळलेला नसेल, तर धक्क्याधक्क्याने वरचा साचा सुटतो. आणि सुटलेला साचा बटणांची वाट पाहत नाही. पत्रा ठेवायला हात आत गेलेले असले, तरी तो खाली येतो.

चार नंबरच्या प्रेसवर दुसऱ्या शिफ्टला नंदू असायचा. देहूचा, जुन्या गावातला. त्याच्या घरात भजनाची परंपरा होती आणि तो पखवाज वाजवायचा. कारखान्यात गणपती बसले की आरतीला त्याचा पखवाज असायचा. एरवी गप्प, पण पखवाजावर बसला की त्याचे हात दिसायचे नाहीत, नुसता आवाज यायचा.

त्या दिवशी सकाळी दशरथ कदमांनी ग्रुपवर लिहिलं होतं की चार नंबरच्या साच्याचा एक बोल्ट झिजला आहे, नवीन पाहिजे. स्टोअरने होकाराचा अंगठा टाकला. दुपारी शिफ्ट बदलायची वेळ आली. तळेगाव-चाकण रस्त्यावर मोठी कोंडी झाल्याची बातमी होती, म्हणून पहिल्या शिफ्टची बस लवकर सोडली. एरवी जाणारा आणि येणारा यंत्रापाशी समोरासमोर बोलतात, ते त्या दिवशी झालं नाही. बसमध्ये बसून दशरथनी निरोप टाकला:

"4 no bolt dila ae. bagun calu kara."

खाली विलास गायकवाडांचा अंगठा आला.

मी चहा पीत होते. मी वाचलं, आणि सगळ्यांनी वाचलं तसंच वाचलं: चार नंबरचा बोल्ट दिला आहे, बघून चालू करा. सकाळी मागितला, दुपारी दिला, ठीक. मी पुढच्या निरोपाकडे वळले. पण माझी नजर परत मागे गेली. 'bagun' आणि 'calu'. बघून आणि चालू. दोन्हींतला एच गायब. म्हणजे हे दशरथचं हस्ताक्षर. मग 'dila' मधला एच कुठे आहे?

दशरथ कदम 'दिला' लिहितील तेव्हा 'dila' लिहितील. आणि 'ढिला' लिहितील तेव्हाही 'dila'च लिहितील.

बोल्ट दिला आहे, की बोल्ट ढिला आहे?

मी दशरथना फोन लावला. लागला नाही. शॉपच्या टेबलावरच्या फोनची घंटा वाजत राहिली. प्रेस चालू असताना ती कुणालाच ऐकू येत नाही. ग्रुपवर लिहून उपयोग नव्हता, कारण शिफ्ट सुरू होताना सगळे फोन दाराजवळच्या खणांत ठेवायचे असा आमचा नियम होता. 'फोन खणात. मग आत.' ही पाटीही माझीच.

मग मी उठले. ऑफिसची इमारत आणि शॉप यांच्यामध्ये मोठं आवार आहे. साडी सावरत मी ते पळत ओलांडलं. माल भरणारी माणसं थांबून बघत होती, कारण मला कुणी कधी भरभर चालतानाही पाहिलेलं नव्हतं. शॉपच्या दाराशी पवारमामा नावाचे सुरक्षारक्षक बसायचे. त्यांनी हात आडवा केला.

"मॅडम, हेल्मेट."

"मामा, घाई आहे."

"तुमचीच पाटी हाय, मॅडम." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. 'हेल्मेट नाही, तर आत नाही.'

वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर घातलं आणि आत गेले. ते मागून काहीतरी म्हणाले, ते मी ऐकलं नाही.

चार नंबर चालू झालेला होता. त्याचा धक्का पायांखाली कळत होता. नंदू पत्रा उचलत होता. विलास गायकवाड पलीकडे उभे होते. मी हात हलवून ओरडले, "बोल्ट ढिला आहे."

विलासनी मान डोलावली. "हो मॅडम, दिलाय. ग्रुपवर वाचलं."

"दिला नाही. ढिला."

"दिलाय, मी बघितलं ना. जागेवर आहे."

त्या आवाजात दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत होते. फोनवर एच गेला होता, इथे 'ढ' गेला. आणि विलासनी पाहिलं होतं हेही खरं होतं. बोल्ट जागेवर होता. न आवळलेला बोल्ट दिसायला आवळलेल्या बोल्टासारखाच दिसतो. नंदूने पत्रा आत सरकवला, हात बाहेर घेतले, बटणं दाबली. धक्का बसला. त्याने तयार झालेला भाग काढला आणि दुसरा पत्रा उचलला.

मला दुसरा शब्द हवा होता. माझी सगळी नोकरी एका शब्दाऐवजी दुसरा शब्द शोधण्यातच गेली होती, आणि तो आला.

"सैल," मी ओरडले. "सैल आहे. सैल."

हा शब्द दुसऱ्या कशासारखाच ऐकू येत नाही. नंदूने मान वर केली. त्याचे हात पत्र्यासकट साच्याच्या तोंडाशी होते, तिथून ते मागे आले. विलासनी लाल बटण दाबलं.

प्रेस थांबला तेव्हा इस्माईलभाई पाना घेऊन आले. त्यांनी वर हात घातला, पाना लावलाच नाही. बोल्ट बोटांनी फिरवला आणि काढून माझ्या हातावर ठेवला. शेजारचा दुसरा बोल्टही निम्मा सुटलेला होता. ते म्हणाले, "अजून थोडा वेळ चालला असता." मग थांबले आणि म्हणाले, "थोडाच."

विलास एका खोक्यावर बसले. नंदूने हातमोजे काढले आणि दोन्ही हात पँटला पुसत राहिला. मी विचारलं, "बरा आहेस ना?"

"व्हय मॅडम." नंतर म्हणाला, "आमी आपलं वाचलं, दिला हाय."

"सगळ्यांनीच तसं वाचलं."

"तुमी कसं न्हाई वाचलं?"

मी म्हटलं, "मी दशरथना शुभेच्छा देताना पाहिलं आहे." त्याला काही कळलं नाही, पण त्याने मान डोलावली.

संध्याकाळी दशरथ कदमांचा फोन आला. बस कोंडीत अडकलेली असतानाच त्यांना कुणीतरी कळवलं होतं. "मॅडम, म्या तर ढिलाच लिवलं व्हतं. स्टोअरात बोल्ट नव्हता. म्या प्रेस बंद करून ठिवला आन् लिवलं, ढिला हाय, बघून चालू करा."

"तुम्ही बरोबरच लिहिलं होतं, दशरथ. अक्षरं कमी पडली."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं आणि विचारलं, काय करायचं? मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, शिफ्टचा निरोप देवनागरीतच. दुसरी, 'ढिला' हा शब्द कारखान्यात बंद. लिहायचाही नाही आणि बोलायचाही नाही. जे आवळलेलं नाही ते 'सैल'. साहेबांनी दोन्ही मान्य केल्या. मी प्रत्येक प्रेसवर पाटी लावली: 'बोल्ट सैल? प्रेस बंद.' ही माझी सगळ्यात छोटी पाटी, आणि ती पहिल्याच परीक्षेत पास झाली. कुणीही वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

सवय लागेपर्यंत कुणी चुकून 'ढिला' म्हणालं की बाकीचे ओरडायचे, "ए, दिला काय?" आणि मला नाव पडलं, सैल मॅडम. माझ्या निरोपसमारंभात विलास गायकवाड भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडमइतकं टाईट माणूस अख्ख्या कंपनीत नाही, आणि नाव पडलं सैल." आणि ते खाली बसले. एवढंच भाषण झालं. मला बाकीच्या सगळ्या भाषणांपेक्षा ते आवडलं.

मी गेल्यावर सूचना विभाग बंद झाला. माझ्या जागी कुणाला घेतलं नाही. यंत्रांची पुस्तकं आता मराठीतच येतात. मी एक मागवून घेऊन वाचलं, चूक सापडेल या आशेने. क्रेन क्रेनच होती, करकोचा कुठेही नव्हता. वाक्यंही लहान होती, आणि स्विच झाकणाच्या आधी होता. बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण थोडं उशिरा.

या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या पूजेला, कंपनीने आम्हा जुन्या लोकांना चाकणला बोलावलं होतं. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मी सगळीकडे फिरले. माझ्या पाट्या भिंतींवर नाहीत, तिथे आता स्क्रीन आहेत. ग्रुपवरचा निरोप पुन्हा इंग्रजी अक्षरांतच असतो, आणि निम्मे लोक तर लिहीतच नाहीत, बोलून पाठवतात. विलासनी स्वतःच ते सांगितलं, जरा खजील होऊन. "पोरं ऐकत नाहीत, मॅडम. आता निम्मी पोरं बिहार-यूपीची आहेत, त्यांना आपली मराठी पण धड येत नाही."

चार नंबरवर बिहारचाच एक मुलगा होता. पूजा संपल्यावर तो साच्यापाशी वाकला आणि शेजारच्याला म्हणाला, "ये बोल्ट सैल है. पहले टाईट कर, फिर चालू कर."

मी त्याला हिंदीत विचारलं, "हा 'सैल' शब्द तुमच्याकडे आहे का?"

"नहीं मॅडम," तो म्हणाला. "गाँव में तो ढीला बोलते हैं. ये कंपनी का शब्द है."

विलास माझ्याकडे बघून हसले. त्या मुलाला मी कोण हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही नाही.

नंदू आता सुपरवायझर झाला आहे. त्या दिवशी आरतीला तोच पखवाजावर बसला होता. मी समोर बसून त्याचे हात बघत होते. ते अजूनही दिसत नाहीत, नुसता आवाज येतो.

तर निशाद, आजी कंपनीत हे करायची. पाट्या गेल्या, विभाग गेला, देवनागरीचा नियम टिकला नाही. 'सैल' हा शब्द मात्र अजून तिथे आहे.